अर्धवट प्रश्न

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आपत्ती कक्षातला, गावोगावच्या फोनवर पावसाची आणि रस्त्यांची माहिती देणारा सर्व्हर चौथ्यांदा गोठला, आणि पेइ-शानने तो चौथ्यांदा बंद करून चालू केला. बाहेर वादळ खिडक्या हलवत होतं.

"आता काय झालं?" त्सेंग साहेबांनी खुर्चीतूनच विचारलं.

"तेच. वाट बघत बसलाय."

बिघाड समजायला सोपा होता. समोरून कोणी प्रश्न विचारायला लागलं, की तो पूर्ण होईपर्यंत हा सर्व्हर थांबायचा. माणूस अर्ध्यावर गप्प झाला, तरी याचं आपलं कान देऊन बसणं चालूच. असे दोनशे जण अडकले की जागा संपल्या. पुढच्याला दार उघडत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी एप्रिलमध्येच चूक कबूल करून, तिचा फायदा घेऊन कोणीही हल्ला करू शकेल असं बजावून दुरुस्ती फुकट वाटली होती. ती बसवायला वीस मिनिटं लागत. पेइ-शानने तीनदा लेखी परवानगी मागितली होती.

"आपल्यावर कोण हल्ला करणार गं? पावसाचे आकडे पळवून कोण श्रीमंत होणार?" साहेब तेव्हा म्हणाले होते. मग त्यांनी सर्व्हरवरचं खाऊचं जुनं पाकीट काढून ताज्या तारखेचं ठेवलं. अख्ख्या तैवानात ही रीत आहे. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर हिरवं पाकीट ठेवायचं, आणि शहाण्यासारख्या वागणाऱ्या मशीनला हात लावायचा नाही. पेइ-शानने वाद घातला नाही. वाकडं पडलेलं पाकीट सरळ करणारी तीच होती.

हल्ला आजही कोणी केला नव्हता. पडद्यावरच्या यादीतले जवळजवळ सगळे प्रश्न एकाच गावाहून, शांगशीहून येत होते. तिथला मोबाईलचा टॉवर आचके देत होता. प्रत्येक फोनचा प्रश्न अर्ध्यावर तुटत होता आणि माणसं पुन्हा पुन्हा बटण दाबत होती. विचारायचं सगळ्यांना एकच होतं. गावातून खाली उतरायला दोन रस्ते, एक पुलाचा आणि एक चहाच्या मळ्यांमधला, जायचं कुठल्याने? पुलाचा रस्ता दीड वाजता खचला होता. हे सर्व्हरला ठाऊक होतं, पेइ-शानला ठाऊक होतं, गावाला नव्हतं. गावात तिची आई होती.

आईचा फोन लागत नव्हता. गावप्रमुखाचाही नाही.

"साहेब, वीस मिनिटं द्या. आत्ता दुरुस्ती बसवते."

"भर वादळात अख्खा जिल्हा वीस मिनिटं आंधळा करू? बाकीच्या छत्तीस गावांनी काय करायचं? उद्या जाब मला विचारतील, तुला नाही."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. एप्रिलमध्ये छत्तीस गावांचं काही बिघडलं नसतं.

मग उरलं ते एवढंच: बंद करायचं, चालू करायचं. दोनशे जागा पुन्हा भरेपर्यंत चाळीस सेकंद मिळत. तेवढ्यात ज्याचा प्रश्न नशिबाने पूर्ण पोचे, त्याला उत्तर जाई. पाचव्या वेळी नऊ जणांना गेलं, सहाव्या वेळी चौघांना. त्यांत आई असेल का, कळायला मार्ग नव्हता. आई मुळात बटण दाबणाऱ्यांतली नव्हतीच. "तू तिथे बसली आहेस ना, मग मी कशाला बघू?" असं म्हणायची.

सातव्या वेळी चालू केल्यावर पेइ-शान सेकंद मोजत बसली. तीस झाले. चाळीस झाले. मिनिट उलटलं. खालच्या गावांतून चार-दोन जण आले, नीट विचारून, उत्तर घेऊन गेले. बाकी जागा रिकाम्याच राहिल्या. शांगशीहून कोणी आलं नाही.

साहेब येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर अडकलेल्या प्रश्नाची एकही लाल खूण नव्हती.

"बघ, निवळलं की नाही आपोआप?" ते म्हणाले. "उगाच जिवाला घोर लावून घेतेस. चहा पी गरम."

पेइ-शानने स्वतःचा फोन काढला आणि सर्व्हरवरचं शांगशीच्या रस्त्यांचं पान उघडलं. ते लगेच उघडलं. पुलाचा रस्ता बंद, मळ्यांच्या रस्त्याने उतरा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सध्या हे पान पाहणारे, एक.