पेटीतली चंद्रा

“मृण्मयी, पेटी उघड! गडाला वेढा पडलाय, घोडे हवेत,” शार्दूल हेडफोनमधून ओरडला.

सरदार-जहागीरदारांच्या या नव्या गेममध्ये पेटीतून काय निघेल ते नशिबावर होतं. नको असलेलं विकून घोडे घ्यायचे, हे मृण्मयी, शार्दूल आणि निनाद या तिघांच्याही बोटांना पाठ होतं. मृण्मयीनं पेटी उघडली आणि जे निघालं ते सवयीनं, न वाचताच विकलं.

“दोन घोडे! जिंकलो की गं!” शार्दूल म्हणाला.

मग तिनं विकलेल्या वस्तूचं नाव वाचलं. बटीक. चंद्रा, वय चौदा.

“शी! ही काय वस्तू आहे?”

“अगं, तेव्हा बायका विकायचेच. इतिहास आहे तो,” निनाद हसला.

चंद्राला परत आणायला मृण्मयी पेट्या घेत सुटली. तलवार, पगडी, पुन्हा तलवार. साठवलेल्या मोहरा संपत आल्या, तेव्हा एका पेटीतून मुलगी निघाली. पण ही गोदा होती.

“हिला विकून टाक ना,” शार्दूल सहज म्हणाला. “आणखी पेट्या येतील. एखादीत निघेल तुझी चंद्रा.”

हिशेब बरोबर होता. शार्दूल बोलायच्या आधीच मृण्मयीनं तो मनात केला होता. माऊसवरचं स्वतःचं बोट तिला ओंगळ वाटलं.