स्टँडवरचा चरा

चंद्र उगवायला अकरा मिनिटं उरली असताना स्टँडच्या तिसऱ्या पायाचा स्क्रू तुटला. पाय सर्रकन आत गेला आणि कॅमेरा एका अंगावर कलंडला. तिनं तो वरच्या वर झेलला.

समोर बंदराचा जुना दरवाजा होता, गावाइतकाच जुना. दारं कधीच गेली होती. उरली होती दगडी कमान आणि कमानीच्या पोटात, ती उभी राहिली की तिच्या खांद्याला लागेल एवढी भिंत. वर्षातून दोनच पौर्णिमांना चंद्र नेमका त्या कमानीतून वर येई.

आठ वर्षं, सोळा पौर्णिमा. पाच ढगांनी खाल्ल्या. दहा बाबांनी नापास केल्या. ही सोळावी.

मूळ फोटो बाबांच्या फोटोच्या दुकानात काउंटरच्या वर लावलेला होता, तीस वर्षांपूर्वीचा. भिंतीच्या काठावर सुतासारखी समुद्राची रेघ, तिच्यावर टेकलेला चंद्र, आणि कोपऱ्यात बाबांची लफ्फेदार सही. गावात आलेला प्रत्येक पाहुणा तोच फोटो कार्डावर घेऊन जाई. समुद्राची रेघ उजवीकडे किंचित कलली होती. कुणी बोट ठेवलंच, तर बाबा म्हणत, त्या दिवशी वारा होता, स्टँड हलला.

मग दमट हवेनं निगेटिव्हला बुरशी धरली. फोटो पुन्हा काढणं भाग होतं, आणि बाबांचे गुडघे बंदराच्या पायऱ्यांना दाद देत नव्हते.

"तेवढा मिळवून दे," ते म्हणाले होते, "मग खुशाल जा. मी अडवणार नाही."

तेव्हा मोठ्या शहरातल्या संग्रहालयात तिची नोकरी ठरली होती. ती हातची गेली. पुढे दुसरी चालून आली, तीही गेली. दोन्ही वेळा तिनं बॅग भरली होती. बाबा कार्डांची रिकामी मांडणी फडक्यानं पुसत बसले होते, पुसलेलीच पुन्हा. तिनं बॅग रिकामी केली होती. तिसऱ्या नोकरीचं पत्र आत्ता कॅमेऱ्याच्या पिशवीत होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं, आणि या वेळी पत्रात मुदतवाढ मिळणार नाही असं स्वच्छ लिहिलं होतं.

बाबांचे नियम दोन. उभं राहायचं ते खुणेच्या दगडावर. स्टँड लावायचा तो चऱ्यावर. हा चरा त्यांनी स्वतः चाकूनं स्टँडच्या पायावर पाडला होता, आपल्या डोळ्याच्या उंचीला. बाबा सहा फुटी, दुकानाच्या दारातून वाकून आत येणारे. ती आईवर गेलेली, पाच फूट म्हणजे टाचा उचलून. कॅमेऱ्याला डोळा लावायला तिला लाकडी पेटीवर चढावं लागे. दरवाजाचा म्हातारा पहारेकरी तिला पेटीबाई म्हणायचा.

आणि दर वेळी फोटोत समुद्र चार बोटं जाड यायचा, त्याच्यावरून निघालेला चंद्र कमानीत डोकं आपटायचा. स्टँड थोडा खाली घेऊ का, असं तिनं एकदा विचारून पाहिलं होतं.

"फोटो मी काढलाय की तू?" बाबा म्हणाले होते. विषय तिथंच मिटला होता.

पहारेकरी जवळ आला. त्यानं मोडक्या पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय पेटीबाई, आज पेटीला सुट्टी?"

"स्टँडनं मान टाकली, काका."

"तुमची आई अशीच तोंड करून उभी राहायची इथं. बाबांची पिशवी सांभाळून सांभाळून." तो हसला. "चला, घरी जा आता. पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी. तिनं पिशवी खाली ठेवली, पेटी पायानं बाजूला लोटली आणि दगडावर उभी राहिली. कोपर बरगडीला टेकवलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि श्वास रोखला.

चंद्र तांब्याच्या रंगाचा होता. तिनं चारदा बटण दाबलं.

आठच्या सुमाराला ती दुकानात पोचली. बाबा नेहमीसारखे दिव्याखाली भिंग घेऊन बसले होते. परीक्षा घेतल्यासारखे नाही, आता परीक्षेला बसल्यासारखेच दिसायचे ते. तिनं प्रिंट काढली आणि पुढे सरकवली. पत्र तिच्या हातात होतं.

बाबांनी भिंग फिरवलं. सुतासारखी रेघ. तिच्यावर टेकलेला चंद्र. रेघ उजवीकडे किंचित कललेली. त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा प्रिंटकडे. भिंग त्यांनी फार सावकाश खाली ठेवलं.

"वारा होता का?"

"नाही. पान हलत नव्हतं."

"स्टँड कितीवर लावला होतास?"

"लावलाच नाही. मोडला तो. हातात धरून काढला."

"पेटीवर चढून?"

"नाही. तशीच उभी राहून."

बाबा उठले. गुडघे धरत काउंटरला वळसा घालून भिंतीपाशी गेले, फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि कोपऱ्यातली सही अंगठ्यानं झाकून तिच्या प्रिंटशेजारी ठेवली. अंगठा बराच वेळ हलला नाही.

"जा तू आता," ते म्हणाले. "तुझ्या आईनंही स्टँड लावला नव्हता."