पाय लावतो, मालक

मागच्या महिन्यात सिग्नल तोडताना शिवयोगी ट्रकखाली जाता जाता वाचला. तेव्हा त्याच्या बायकोनं, महेश्वरीनं, त्याला सिद्धेश्वराची शपथ घातली, "इथून पुढं लाल दिव्याला थांबायचं."

म्हणून आज तिला मागं बसवून निघालेला शिवयोगी होटगी रोडच्या सिग्नलला गाडी बंद करून थांबला. बाकीचे दोन्ही बाजूंनी सुसाट निघून जात होते.

"बंद पडली काय मालक? पाय लावतो की," म्हणत एका बुलेटवाल्यानं त्याच्या फूटरेस्टला पाय लावला. शिवयोगी "अवो, लाल हाय" म्हणेपर्यंत गाडी चौकाच्या मधोमध आली होती. हवालदारानंही माणुसकी दाखवली. यांना वाट मिळावी म्हणून हिरव्या दिव्याची अख्खी बाजू हात करून अडवून धरली.

बुलेटवाल्यानं थेट गॅरेजच्या दारात आणून सोडलं. मेकॅनिकनं बटण दाबलं तशी गाडी लगेच चालू झाली.

"गाडी चांगलीच हाय. सिग्नल लाल होता म्हणून थांबलो होतो," शिवयोगी म्हणाला.

मेकॅनिकनं गाडी बंद केली, महेश्वरीला जरा बाजूला बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं,



"वहिनी, मालकांना असं कधीपासनं होतंय?"