सदुसष्ट नंबरची जागा

लाकडी पायरीवर खडूनं लिहिलेल्या सदुसष्ट या आकड्यावर ती उभी राहिली. तिसरी रांग, अगदी मधोमध. पुढे साठ वादक, मागे आणखी तीन रांगा, दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून बायका. सगळ्यांच्या साड्या सारख्या, अंबाडेही सारखे. एकदा उभं राहिलं की कार्यक्रम संपेपर्यंत हलायची सोय नव्हती.

पुण्याहून आलेले सर दीडशे गायकांना नंबरानंच ओळखायचे. पडदा उघडण्याआधी त्यांनी घाईघाईत हजेरी घेतली.

"एक्केचाळीस रिकामी दिसतेय. उत्कर्षा ना?"

"ताप आलाय तिला, सर," शेजारची दाक्षायणी म्हणाली.

सरांनी यादीवर काट मारली.

पहिलं गाणं झालं आणि हातातल्या गाण्यांच्या फाइलच्या आत फोन थरथरला. सुबोधचा मेसेज होता. 'पदर नीट कर.'

तिनं पदर नीट केला.

'दिसलीस.'

मैदानातल्या अंधारात, कुठल्यातरी मागच्या खुर्चीवर तो बसला होता. तालमीला येऊन त्यानं जागेचा नंबर लिहून घेतला होता. फोनवर लोकेशन चालू ठेवायची सक्ती होतीच. लग्नाला सहा वर्षं झाली. निवेदिता एकटी घराबाहेर पडली ती फक्त या तालमींसाठी, तेही कार्यक्रम भरवणाऱ्या शाळेचं पत्र दाखवून. मनगटाचं प्लॅस्टर निघून महिनाही झाला नव्हता. जिन्यावरून पडले, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. विश्वास कुणाचाच बसला नव्हता.

"बॅग?" दाक्षायणीनं समोर बघत विचारलं.

"भांडीवाली सिद्धम्मा घेऊन गेली स्टेशनवर."

"गाडी आठ वीसलाच की?"

"हं."

"आन् हे संपतंय पावणेआठला. स्टेशन तर हितंच हाय, धा मिन्टावर."

"माहीत आहे मला."

सरांनी काठी उचलली. व्हायोलिनं उठली, त्यांच्यामागून चेलो. त्यांचा कंप पायरीच्या फळीतून तळपायांना जाणवत होता. खालच्या पट्टीची ही ओळ पंधरा दिवस घोकूनही तिच्या गळ्यात बसली नव्हती. एका जागी स्वर वर निसटला. दाक्षायणीनं कोपरानं ढोसलं.

"खाली राहा, बाई. वरची सवय सोड आजच्या दिवस."

शेवटचं गाणं संपलं. तिनं घड्याळ पाहिलं. सात चव्वेचाळीस.

फोन थरथरला. 'मागच्या जिन्याशी येतोय. तिथूनच उतर.'

उतरायला तेवढा एकच जिना होता.

तेवढ्यात मैदानातून कुणीतरी ओरडलं, "वन्समोअर." मग आणखी चौघं, मग सगळेच. सर हसले आणि त्यांनी पानं मागे उलटली. पुन्हा अकरा मिनिटं. त्यानंतर सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, चार शब्द; प्रत्येकाचे चार शब्द तीन मिनिटांचे.

"आता गं?" दाक्षायणीनं तिचा हात घट्ट धरला.

"आता उभं राहायचं."

आठव्या शालीच्या वेळी स्टेशनच्या बाजूनं गाडीचा भोंगा ऐकू आला. लांबलचक, एकच. आठ एकवीस.

"गेली," दाक्षायणी पुटपुटली.

तिनं डोळे मिटले.

नवव्या शालीनंतर रांगा उतरू लागल्या. जिन्यावर अंधार होता. ती मान खाली घालून, फाइल छातीशी धरून बायकांच्या घोळक्यात उतरली. शेवटची पायरी संपली आणि मागून खांद्यावर हात पडला.

"चल," सुबोध म्हणाला. "दीडशे जणांत तुझा आवाज बरोबर ओळखला की नाही मी?"

एक्केचाळीस नंबरची उत्कर्षा वळली आणि निवेदिताचा फोन तिनं त्याच्या हातात ठेवला.