वीस टक्के काका

टेस्टर पोरगी "नाही" म्हणाली तेव्हा सव्वातीन वाजले होते, आणि पाच वाजता शहराचा नवा ॲम्ब्युलन्स नंबर चालू व्हायचा होता. त्यामागचं सॉफ्टवेअर या कंपनीचं. टेस्टरनं तपासून चौकटीत आपलं नाव टाकल्याशिवाय कुठलंच सॉफ्टवेअर बाहेर जात नाही, असा इथला नियम. नियम चांगलाच होता. फक्त प्रोजेक्ट सहा होते आणि टेस्टर तीन.

म्हणून दर सोमवारी मॅनेजर शीट उघडून माणसं वाटायला बसायचा. पोरीच्या वेळाचे चाळीस टक्के बँकेच्या कामाला, तीस कपड्यांच्या ॲपला, तीस ॲम्ब्युलन्सला. जेवायचे टक्के कुठून काढायचे ते शीटमध्ये नव्हतं. एक ना धड, भाराभर चिंध्या. ॲम्ब्युलन्सचे तिचे तीस टक्के कालच संपले होते. आज ती बँकेच्या वेळातून चोरून तपासत होती, आणि तेवढ्यात तिला ते दिसलं.

एकाच इमारतीतून एकाच मिनिटाला दोन फोन आले, तर सॉफ्टवेअर दुसरा फोन पहिल्याचाच समजून पुसून टाकत होतं. दुसऱ्या मजल्यावर कोणी जिन्यात पडलंय आणि पाचव्यावर कोणाचा श्वास अडकलाय, हे त्याला वेगळं कळत नव्हतं. गाडी एकच निघत होती. तिला हे एकदा दिसलं. पुन्हा चारदा करून पाहिलं, तर नाही दिसलं. नेमकं कधी होतं ते शोधायला दोन दिवस द्या, तोवर मी नाव टाकणार नाही, असं तिचं म्हणणं.

मॅनेजर भांडला नाही. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलेलं होतंच. त्यानं शीट उघडली, पोरीचे तीस टक्के उचलून कपड्यांच्या ॲपला टाकले आणि तिच्या बदली काकांचे वीस टक्के लावले. अर्ध्या मिनिटाचं काम.

काका म्हणजे तिघांतले सगळ्यात जुने टेस्टर. पोरीला काम त्यांनीच शिकवलेलं. पण गेला दीड महिना त्यांचे वीस टक्के शीटमध्ये रिकामे होते, आणि रिकाम्या टक्क्यांचं पुढे काय होतं ते ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. पूर्वी एक चौथा टेस्टर होता. त्याला कोणी काढलं नाही. त्याचे टक्के नुसते कमी होत गेले, शून्यावर आले, आणि एका सकाळी त्याची खुर्ची कोणीतरी दुसऱ्या मजल्यावर नेली.

काकांच्या घरी बायको होती. झटका येऊन गेल्यापासून तिचा उजवा हात चालत नव्हता आणि शब्द जिभेवर अडकायचे. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत ती दिवसभर एकटी असायची. तिच्या उपचारांचा विमा कंपनीचा, म्हणजे काका कंपनीत असेपर्यंतचा. हात दगडाखाली असणं म्हणजे काय, ते काकांना कोणी समजावून सांगायला नको होतं.

"काका, दोन फोन, एकच पत्ता," पोरगी खुर्चीवरून उठता उठता म्हणाली. "एवढं लावून बघा फक्त."

त्यांनी लावून पाहिलं. दुसरा कुठला पत्ता पटकन सुचेना म्हणून आपल्याच इमारतीचा टाकला. पहिल्या वेळी दोन्ही फोन पडद्यावर आले. दुसऱ्या वेळीही आले. तिसऱ्या वेळी एक आला आणि दुसरा येतायेताच गेला. ना खूण, ना नोंद. काकांना भयंकर भीती वाटली. अख्खी नोकरी चुका शोधण्यात गेली होती, आणि ही एक सापडली नसती तर बरं झालं असतं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

पावणेपाचला मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभा राहिला. माझी काही घाई नाही, म्हणाला. ॲम्ब्युलन्स केंद्राची माणसं फोनवर थांबली आहेत, एवढंच. आणि जमत नसेल तर तसं सांगा, मी हे वीस टक्के काढून घेतो.

"दिसलं का काही?"

"नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी चौकटीत नाव टाकलं.

पाच वाजता भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडे हलायला लागले. आलेले फोन सात, घेतलेले फोन सात. मग अकरा आणि अकरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुसलेला फोन आलेल्या फोनांतही धरला जात नाही, हे त्या खोलीत फार तर दोघांना ठाऊक होतं. त्यातली एक आता कपड्यांच्या ॲपमधल्या बटणांचे रंग तपासत होती.

काका शेजारून जाताना तिनं विचारलं, तुम्हालाही नाही ना दिसलं? काकांनी नाही म्हणून मान हलवली. तिचा चेहरा जरा सैल झाला. मग माझंच काहीतरी चुकलं असेल, म्हणाली, आणि पुन्हा बटणांकडे वळली.

काका बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि त्यांनी घरी फोन लावला. बायकोनं डाव्या हातानं तो उचलेपर्यंत बराच वेळ गेला.

"ऐक," ते म्हणाले. "काही झालं तर त्या ॲम्ब्युलन्सच्या नव्या नंबरावर फोन लावत बसू नकोस. भिंत वाजव. शेजारच्या वहिनी येतील."

तिला नीट कळलं नाही. नंबर बंद पडलाय का, असं तिनं अडखळत विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "आत्ताच चालू झालाय."