ओव्याचा धूर

इंदूबाईने फाटकाबाहेर चपला काढल्या, हात पुढे केले आणि प्रेमिलाबाईंनी त्यांवर सॅनिटायझर ओतलं. मग कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र. मग मागच्या न्हाणीत आंघोळ, घरातलं धुतलेलं लुगडं, मास्क, त्यावर प्लास्टिकची काच आणि शेवटी रबरी हातमोजे. बारा दिवस हे रोज चाललं होतं. एवढ्या तयारीत एखादं लग्न लागलं असतं. हुडकेश्वरच्या या घरात कोरोना आलाच तर तो मालिशवालीच्याच अंगावर बसून येणार, असं प्रेमिलाबाईंनी ठरवून टाकलं होतं.

इंदूबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. यंदाच्या चैत्रात तिला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. वस्तीतली चार माणसं गेली तेव्हा ती रडली होती. पाचव्याच्या वेळी तिने नुसतं दार लावून घेतलं.

पाय लांब करून तिने बाळाला नडग्यांवर घेतलं. तेलाने मोजे फुगून बोटांत सैल झाले होते, बाळाचा कणा नीट हाताला लागत नव्हता. खोलीच्या दारातून जिना दिसत होता. वरच्या पायरीवर एक ताट झाकून ठेवलेलं होतं. कालही होतं. तिने विचारलं नाही. बाळंतिणीच्या घरात जे दिसलं ते उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हा तिचा पंचवीस वर्षांचा नेम. त्या नेमावरच लोक तिला आतल्या खोलीपर्यंत येऊ देत होते.

बाळ न्हाऊन बाहेरच्या खोलीत पाळण्यात झोपलं. मग तिने प्रेमिलाबाईंच्या सुनेला, वैभवीला, चोळायला घेतलं. पाठीशी येईपर्यंत उजव्या अंगठ्यावरचा मोजा फाटला. दुसरा मागायचा तर पुन्हा सगळा सोहळा, म्हणून तिने तसंच रेटलं. उघड्या अंगठ्याला पाठ गरम लागली. उन्हाळाच आहे, असं म्हणून तिने तेही सोडून दिलं.

वैभवी बाजेवर आडवी झाली. इंदूबाईने निखाऱ्यांची शेगडी बाजेखाली सरकवली, पिशवीतली ओव्याची पुरचुंडी सोडली आणि रोजच्यासारखा मूठभर ओवा निखाऱ्यांवर टाकला. ओवा तडतडला, खोली धुराने भरली. दारात उभ्या प्रेमिलाबाई पदर तोंडाशी धरून खोकू लागल्या. काचेमागे इंदूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वैभवी धुरात स्वस्थ पडून होती.

"मावशी," ती म्हणाली, "आज ओवा टाकला नाही का तुम्ही?"

निखाऱ्यांवर उरलेसुरले दाणे फुटत होते. इंदूबाईने आधी प्रेमिलाबाईंकडे पाहिलं, मग जिन्यावरच्या ताटाकडे.

प्रेमिलाबाई तिला मागच्या अंगणात घेऊन गेल्या आणि खालच्या आवाजात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मुलगा, आयुष, बुटीबोरीहून कामावरून ताप घेऊनच आला होता. परवा रिपोर्ट आला. तेव्हापासून त्याला वर ठेवलं आहे, सुनेला जिना चढू दिलेला नाही. कॉलनीत कळलं तर दूधवालासुद्धा फाटकाशी थांबणार नाही. आणि बाळाच्या मालिशीत खंड पडायला नको होता.

"तुमच्या हातात मोजे तं होते ना," त्या म्हणाल्या.

इंदूबाईने उजवा हात पुढे केला. फाटक्या रबरातून तेलकट अंगठा बाहेर आला होता.

प्रेमिलाबाई त्या अंगठ्याकडे पाहत राहिल्या. "कोणाले सांगू नका, इंदूबाई."

आता आपल्याला राग येईल, म्हणून इंदूबाई थोडी थांबली. राग आला नाही. भीतीही नाही, नुसते हात जड झाले. तिने कोपरापर्यंत साबण लावला, स्वतःचं लुगडं नेसलं, आणि आजच्या आज डॉक्टरांना फोन करा म्हणून प्रेमिलाबाईंना दोनदा बजावलं. मग बाहेरूनच वैभवीच्या खिडकीशी गेली.

"तोंडाले बांधून पाज, पोरी. दूध नको तोडू."

इथून ती रोज मागच्या गल्लीत नूपुरकडे जायची. नूपुरची मुलगी नऊ दिवसांची, आठव्या महिन्यातच जन्मलेली, दोन किलोसुद्धा भरली नव्हती. फाटकाबाहेर उभं राहून इंदूबाईने तिला फोन लावला आणि आज येत नाही म्हणून सांगितलं. नूपुरने उद्याचं विचारलं. उद्याही नाही. मग नूपुरने कारण विचारलं.

कंबर धरली म्हणता आलं असतं. पण कालही ती या घरातूनच तिकडे गेली होती. मुलीवर लक्ष ठेवायला सांगायचं, तर कोरोनाचं नाव घेणं भाग होतं, आणि नाव घेतलं की कोणाचा, तेही सांगावं लागणार होतं. फाटकाच्या आत प्रेमिलाबाई उभ्या होत्या.

"मले कोरोना झाला वं, नूपुर," इंदूबाई म्हणाली. "लेकराले जप. डॉक्टरले सांगून ठेव."

पलीकडून फोन बंद झाला. संध्याकाळपर्यंत ही बातमी तिच्या सगळ्या घरांत पोचणार होती, आणि पुढे कोण तिच्या हाती बाळ देईल, हे तिला ठाऊक नव्हतं.

प्रेमिलाबाईंनी फाटक लावलं. इंदूबाईने हात लावलेली कडी त्यांनी फडक्याने पुसून घेतली. सवय झाली होती.

इंदूबाई उन्हातून चालू लागली. कोपऱ्यावर कोणी नव्हतं. तिथे थांबून तिने पुरचुंडी सोडली, मास्क खाली केला, चिमूटभर ओवा चुरडून नाकाशी नेला. वास आला.

पुढच्या कोपऱ्यावर ती पुन्हा थांबली.