उपविजेत्याचं बक्षीस

हौशी टेनिसपटूनं पैसे घ्यायचे नाहीत, घ्यायची ती वस्तू, असा शिरस्ता होता. त्यामुळे ॲम्ब्रोज पिल्बीमच्या घरात जिंकलेली घड्याळं इतकी झाली होती, की बाराचे ठोके पडायला लागले की पाहुणे दचकून उभे राहत.

डेव्हन परगण्यातल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला निघताना बायको म्हणाली, "अहो, पहिलं बक्षीस पुन्हा घड्याळच आहे. ते आणलंत तर त्याच्यासकट अंगणात झोपा. हरणाऱ्याला आरामखुर्ची आहे, मी बघून आलेय."

"म्हणजे मी मुद्दाम हरू?"

"मुद्दाम कशाला? छान खेळून हरा."

ॲम्ब्रोजनं पहिलाच चेंडू जाळ्यात मारला. समोरच्या सेसिल रॅदबोननं पुढचा थेट कुंपणापार भिरकावला. मग एकानं सोपा चेंडू सोडून द्यावा, तर दुसऱ्यानं सर्व्हिसच चुकवावी. चहाची वेळ टळली तरी सामना संपेना.

बाजू बदलताना ॲम्ब्रोज दबक्या आवाजात खेकसला, "सेसिल, लेका, धड खेळ की जरा! जिंकायचं नाही का तुला?"

सेसिलनं घाम पुसत फाटकाकडे बोट दाखवलं. "जिंकून घरी कसा जाऊ? बायको खुर्ची न्यायला हातगाडी घेऊन आलीय."